दिवाळी झाली की टँक बिघडतो? औषध टाकायच्या आधी माशांची रात्र तपासा

गेली तीन वर्षं दिवाळी झाली की आमच्या माशांच्या टँकचं गणित बिघडायचं. आठ-दहा दिवस जायचे आणि एंजल मासे सकाळी सकाळी फिल्टरच्या पाइपामागं पंख मिटून उभे, खायला टाकलं तर तोंडात घेऊन थुंकणार, हॉलचा लाइट लावला की दचकून काचेवर आपटणार, आणि संक्रांतीपर्यंत दोन-तीन मासे अंगावर पांढरे ठिपके येऊन जाणार. फेब्रुवारी संपता संपता परत सगळं ठीक, म्हणजे मी काही केलं म्हणून नाही, आपोआप, आणि ह्या आपोआपमुळंच मी दोन वर्षं भलत्याच गोष्टीला श्रेय देत बसलो, त्या वर्षी शेवटी जे औषध टाकलं होतं तेच लागू पडलं असं वाटायचं.

आमचं घर साताऱ्यात, गोडोलीत. टँक अडीच फुटी, पाणी ८०-८५ लिटर, पाच एंजल, थोडे छोटे निऑन टेट्रा, खाली तळाशी फिरणारे कॉरी मासे. हॉलमध्ये खिडकीशेजारी ठेवलाय. ज्यांच्याकडं असंच दरवर्षी ठरावीक दिवसांत होतंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय, कारण मला हे कुणी सांगितलं असतं तर सात-आठ मासे वाचले असते.

पहिल्या वर्षी मी केलं काय, तर मेथिलीन ब्लू हे माशांचं औषध टाकलं, खडा मीठ टाकलं, पाणी बदललं, परत बदललं. दुसऱ्या वर्षी टेस्ट किट आणलं. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या आसपास, पीएच ७.६. म्हणजे पाण्यात खोट काढायला जागाच नाही. दुकानदार म्हणाला थंडीय ओ, हीटर वाढवा, म्हणून २६ चा २८ केला. फरक शून्य. उलट जास्त मरगळले, आणि ते का ते पुढं कळलं.

गेल्या जानेवारीत आईला बरं नव्हतं म्हणून पहाटे पाचला उठलो होतो. सहज टँककडं गेलो, थर्मामीटर पाण्यातच असतो, तर आकडा २१.५. रात्री अकराला झोपताना मी बघितला होता तो २६.५. पाच डिग्री! मला वाटलं हीटर गेला. हात लावून बघतोय तर हीटरचा दिवाच बंद, आणि मग नजर बोर्डाकडं गेली. टीव्ही, टँकचा लाइट आणि हीटर तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि त्याला मेन स्विच एकच. झोपताना टीव्ही बंद करायचा म्हणून घरातलं कोणीही तो स्विच पाडायचं. उन्हाळ्यात काही बिघडत नव्हतं कारण हीटर तसाही चालतच नाही. थंडी पडली की मात्र रोज रात्री पाणी गार, रोज सकाळी परत गरम. सेटिंग २६ चं २८ केल्यावर तर हा झोका आणखी मोठा झाला.

आणि त्याच पहाटे दुसरी गोष्ट दिसली. हॉलचे सगळे लाइट बंद होते, तरी टँकशेजारी उभं राहून मला भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. खिडकीसमोर रस्त्यावरचा पांढरा एलईडी दिवा, तो थेट काचेवर. टँकच्या झाकणात निळी पट्टी, जिला मूनलाइट म्हणून विकतात, ती दुसऱ्या प्लगवर, रात्रभर चालू, कारण दिसायला सुंदर दिसते. आई रात्री दोन-तीनदा उठते म्हणून तिच्यासाठी नाईट लॅम्प. आणि दिवाळीपासून देवदिवाळीपर्यंत ह्या सगळ्यात खिडकीतल्या आकाशकंदिलाची भर. म्हणजे थंडी आणि उजेड, दोन्ही चोर एकाच दिवशी घरात शिरत होते आणि मी औषधाच्या बाटल्या हुडकत होतो.

आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय, तर तो संबंध म्हणजे मेलाटोनिन. हे नाव आपण माणसांच्या झोपेच्या गोळ्यांमुळं ऐकलेलं असतं. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठात एरन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं गुरांच्या मेंदूतल्या पिनियल नावाच्या छोट्या ग्रंथींतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. तो शोधत होता कातडीचा रंग फिका करणारा पदार्थ, कारण बेडकाच्या कातडीवर पिनियलचा अर्क टाकला की ती फिकी पडते हे माहीत होतं. पुढं कळलं की हे रात्रीचं हार्मोन आहे, अंधार पडला की शरीरात वाढतं, उजाडलं की खाली येतं.

माशांत आणि आपल्यात मोठा फरक असाय की आपल्याकडं उजेडाची बातमी डोळ्यातून आत जाते आणि मग फिरून फिरून पिनियलला पोचते. माशाची पिनियल स्वतःच उजेड बघते. मेंदूच्या वरच्या अंगाला, कवटीच्या अगदी खाली ती असते, तिच्या पेशी डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींच्या जातीच्याच, आणि बऱ्याच माशांत त्या जागची कातडी-हाड पातळ आणि कमी रंगाचं असतं म्हणजे उजेड आत जायला खिडकीच. फिकट रंगाचं लहान पिल्लू वरून टॉर्च न मारता, दिवसाच्या उजेडात नीट बघा, दोन डोळ्यांच्या मधोमध थोडं मागं एक अर्धपारदर्शक ठिपका दिसू शकतो. मी आमच्या एंजलच्या पिल्लांत बघितलाय, टाचणीच्या डोक्याएवढा पण नाही. ते बघितलं तेव्हा टँकच्या झाकणात अगदी डोक्यावर लावलेल्या त्या निळ्या पट्टीचं मला खरंच वाईट वाटलं.

हे लय जुनं ज्ञान आहे बरं का. कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना पुढं मधमाश्यांच्या नाचासाठी वगैरे १९७३ ला नोबेल मिळालं, त्यांनी १९११ मध्ये मिनो नावाच्या छोट्या माशांवर दाखवलं होतं की आंधळा मासा सुद्धा डोक्याच्या त्या जागी उजेड-सावली पडली की अंगाचा रंग बदलतो. पिनियल काढून टाकल्यावरही थोडी प्रतिक्रिया राहायची, म्हणजे मेंदूत अजून आतही उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत. सांगायचा मुद्दा, माशाला पापण्या नाहीत म्हणून त्याला त्रास होतो एवढंच नाहीये, त्याला डोळे मिटता आले असते तरी डोक्यातली खिडकी उघडीच राहिली असती.

मेलाटोनिन तयार कसं होतं ते आमच्या भागातल्या माणसाला गुऱ्हाळावरून पटकन कळेल. कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन, जो माशाच्या खाण्यातून येतो, त्याचं सेरोटोनिन होतं, आणि सेरोटोनिनपासून पुढं मेलाटोनिन. सेरोटोनिनच्या पुढची पायरी ज्या एन्झाइमच्या, म्हणजे शरीरातली क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, हातात असते त्याचं नाव एएएनएटी. अंधार असला की पिनियलच्या पेशींत कॅल्शियम शिरत राहतं, त्यानं हे एन्झाइम टिकून राहतं, काम चालू. उजेड पडला की कॅल्शियम कमी, एन्झाइम पेशीतच मोडीत निघतं, काम बंद, आणि थोड्याच वेळात रक्तातलं मेलाटोनिन पण उतरतं. म्हणजे गुऱ्हाळ किती तास चालणार हे अंधार ठरवतो. पण काहिलीतनं गूळ किती निघणार हे चुलाणाच्या जाळावर असतं की नाही? तो जाळ म्हणजे पाण्याचं तापमान. मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग, त्यामुळं त्याच्या पिनियलचं एन्झाइम पण पाण्याच्या तापमानावरच चालणार.

आणि हे नुसतं जितकं गरम तितकं जास्त असं पण नाहीये, ज्या माशाला जे पाणी मानवतं त्याच्या आसपास त्याचं एन्झाइम सगळ्यात चांगलं चालतं. ट्राउट थंड पाण्याचा मासा, त्याच्यात ते साधारण १२ डिग्रीला, पाइकमध्ये २० च्या आसपास, आणि समुद्रातल्या सीब्रीममध्ये २७ च्या आसपास. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. एंजल अॅमेझॉनचा, २६-२८ चं पाणी बारा महिने, विषुववृत्ताजवळ असल्यामुळं रात्र पण बारा महिने साधारण १२ तासांची. त्याला मी साताऱ्यात रोज रात्री साडेएकवीस डिग्रीत आणि वर निळ्या उजेडात उभं केलं होतं. गुऱ्हाळाचे तास पण कमी आणि जाळ पण कमी.

माशासाठी ह्या दोन्हीचा मिळून एक निरोप असतो. मेलाटोनिन किती वेळ वर राहिलं त्यावरनं रात्र किती लांब ते कळतं, किती उंच गेलं त्यावरनं पाणी किती गरम ते, आणि दोन्ही मिळून ऋतू कळतो. कधी खायचं, कधी पडून राहायचं, कधी अंडी धरायची ह्या वेळा तो ह्या निरोपावर लावतो. आपल्याकडं साताऱ्या-सांगलीत डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा आणि जूनचा मोठा १३ तासांच्या थोडा वर, म्हणजे दोनच तासांचा फरक, त्यामुळं दिवसाची लांबी एकटी पुरत नाही, तापमानाला पण वजन येतं. आपल्या कार्प माशांवर, कटलावर वगैरे, ह्या विषयाचं काम शांतिनिकेतनला विश्वभारतीत सौमेन मैत्र यांच्या गटानं बरीच वर्षं केलंय, तिथं पिनियलचं मेलाटोनिन आणि अंडाशयाची वाढ ह्यांचा ऋतूप्रमाणं संबंध तपासलाय. शेततळ्यात कटला-रोहू करणाऱ्यांना हे माहीत असेलच की पावसाळा जवळ आला, पाणी तापलं, दिवस मोठा झाला की मादी भरते. नॉर्वे-स्कॉटलंडला सॅल्मनच्या पिंजऱ्यांत हिवाळ्यात रात्रभर दिवे लावतात ते पण ह्याच कारणानं, मासा लवकर वयात येऊ नये म्हणून. आपल्याकडं लेअर, म्हणजे अंड्यांच्या, कोंबड्यांना १६ तास उजेड देतात त्याचीच ही चुलत बहीण.

किती उजेड चालतो हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. बर्लिनमध्ये पर्च माशांवर प्रयोग झालेत, त्यात रात्री फक्त १ लक्स उजेड ठेवला तरी मेलाटोनिन चांगलंच खाली आलं. लक्स हे उजेड मोजायचं माप, १ लक्स म्हणजे किती ते सांगतो, पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सच्या पण खाली असतं, आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली १०-२० लक्स सहज असतात. म्हणजे मूनलाइट नाव असलेल्या त्या पट्टीचा चंद्राशी काही संबंध नाही. वर ती निळी. बऱ्याच माशांची पिनियल निळ्या-हिरव्या उजेडालाच सगळ्यात जास्त दाद देते कारण पाण्यात खोलवर तोच उजेड पोचतो, तांबडा वरच्या वरच शोषला जातो.

झोपेचं पण बोलतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेकच्या लोकांनी झेब्राफिशमधलं पिनियलचं एएएनएटीचं जीन बंद केलं तर ते मासे रात्री जवळजवळ निम्मंच झोपले. झेब्राफिश म्हणजे आपल्या ओढ्या-नाल्यातल्या माशांचाच भाऊबंद, दुकानात झेब्रा डॅनिओ म्हणून मिळतो. आईनं मला विचारलं होतं, "माशांना पण झोप लागते का रे?" लागते गं आई. डोळे उघडेच असतात पण खाली जाऊन एका जागी तरंगतात, पंख हळू हलतात, निऑनची तर निळी रेघ विझल्यासारखी होते आणि सकाळी परत येते, तो आजार नसतो.

आता मूळ कामावर येतो. घरी मेलाटोनिन मोजायचं किट मिळत नाही, त्यामुळं आपण मोजायचं ते उजेड, तापमान आणि माशाचं वागणं. तपासायला तीन रात्री पुरतात. रात्री झोपताना पाण्याचं तापमान लिहा आणि पहाटे, हीटर-लाइट-पंखा कशालाही हात लावायच्या आधी परत लिहा. काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी असते ती वापरू नका, ती बाहेरच्या हवेनं पण हलते, पाण्यात बुडणारा साधा काचेचा किंवा प्रोबवाला घ्या. दोन डिग्रीच्या वर फरक असेल तर तिथं काम आहे. उजेडासाठी मोबाइलचं अॅप एवढ्या कमी उजेडात भरवशाचं नाही, त्यापेक्षा घरातले रोज रात्री जे बंद होतात ते दिवे बंद करा, दहा मिनिटं डोळे सरावू द्या आणि टँकच्या काचेजवळ पेपर धरा. मथळा वाचता आला तर माशाची रात्र झालेलीच नाही. आणि हे मध्यरात्री करा, संध्याकाळी नाही, कारण शेजारच्यांचे, जिन्यातले, दुकानाच्या पाटीचे दिवे वेगवेगळ्या वेळी लागतात-विझतात.

मी दोन्ही गोष्टी एकदम दुरुस्त केल्या नाहीत हे एक बरं झालं. आधी फक्त हीटर वेगळ्या प्लगवर नेला, कारण तेवढं त्या पहाटेच करता येत होतं, सेटिंग परत २६ वर, आणि त्या स्विचवर चिकटपट्टी लावून वर पेनानं लिहिलं "बंद करू नये". दहा-बारा दिवसांत खाणं सुधारलं, नवीन ठिपके आले नाहीत. पण सकाळचं दचकणं आणि पाइपामागं उभं राहणं तसंच. मग निळी पट्टी कायमची काढली, रस्त्याकडच्या काचेला बाहेरून काळा पुठ्ठा लावला, आणि आईच्या नाईट लॅम्पचं मात्र काय करावं कळेना, तो बंद करणं शक्य नाही, तिला पाय अडकून पडायची भीती. शेवटी तो दाराजवळच्या खालच्या प्लगमध्ये नेला, जमिनीपासून वीतभर उंच, त्याचा उजेड फरशीवर पडतो आणि टँकच्या त्या बाजूला रात्री जुनी चादर टाकतो. झाकणाच्या मागची फट मोकळी सोडायची, हवा जायला पाहिजे. ह्या नंतर पाच-सहा दिवसांत पाइपामागचे दोघं सकाळी पुढं यायला लागले, दचकणं निम्म्यावर आलं.

राहिलेलं निम्मं दचकणं लाइट लावायच्या पद्धतीमुळं होतं. काळ्याकुट्ट अंधारात खट्ट करून टँकचा लाइट लावला तर कुणीही दचकेल. आता सकाळी आधी खिडकीचा पडदा, मग हॉलचा दिवा, मग अर्ध्या तासानं टँकचा लाइट, आणि खाणं त्याच्यानंतर अजून अर्ध्या तासानं. रात्री उलटं, आधी टँकचा बंद, हॉलचा चालू, सगळ्यात शेवटी हॉलचा. उजेड एकूण १० तास देतो, घरातला दिवा धरून ११-१२ होतात. ही वेळ रोज तीच ठेवायची, शनिवारी-रविवारी पाहुणे आले म्हणून रात्री एकपर्यंत टँक चमकवत ठेवायचा नाही.

ह्यातनं गेल्या वर्षभरात ओळखीच्यांची आणखी दोन कोडी सुटली. सांगलीत विश्रामबागला आत्याकडं गोल्डफिशची जोडी आहे, टीव्हीच्या कपाटात, वर शोपीससाठी लावलेला पिवळा बल्ब चोवीस तास. आत्याची तक्रार वेगळी, मासे दिवसरात्र फिरतच राहतात, एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. मी तापमान बघितलं, रात्री २१ आणि सकाळी १९.५, गोल्डफिशला हे अजिबात वाईट नाही, हीटर घेऊ नकोस म्हटलं आत्या, फक्त रात्री दहाला तो बल्ब बंद कर. ती म्हणाली, "अरे, पण अंधारात त्यांना भीती नाही का वाटणार?" मी म्हटलं नाही वाटत, तू करून तर बघ. पंधरा दिवसांनी तिचाच फोन, रात्री दोघं खाली शेजारी शेजारी गप पडून असतात म्हणाली. तेव्हा तिथं गोष्ट फक्त उजेडाची होती. थंडी म्हटलं की हीटर असं सरसकट करू नका, मासा कुठला आहे ते आधी बघा.

दुसरं मामेभावाचं, पलूस तालुक्यात गाव. त्यानं शिस्तीत टायमर लावला होता, सकाळी ८ ला लाइट चालू, संध्याकाळी ६ ला बंद, तरी मासे मरगळलेले. त्याचा टायमर तो गोल फिरणारा, दातऱ्यांचा. लाइट गेली की तो पण थांबतो! रोज दोन-तीन तास लाइट गेली की तेवढा तो मागं पडणार. मी गेलो तेव्हा टायमरच्या घड्याळात दुपारचे एक आणि माझ्या घड्याळात रात्रीचे आठ. म्हणजे त्याच्या टँकचा दिवस दुपारी तीनला उगवत होता आणि मध्यरात्र उलटल्यावर एकला मावळत होता, आणि रोज अजून पुढं सरकत होता. झेब्रा, पाइक ह्यांच्या पिनियलमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, ते एकदम तुटत नाही पण रोज वेळ बदलली तर त्याला जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. ट्राउटच्या पिनियलमध्ये तर तसं घड्याळच नाही, उजेड म्हणेल तसंच चालतं. जिथं लोडशेडिंग आहे तिथं बॅटरी बॅकअपवालाच डिजिटल टायमर घ्या, नाहीतर सरळ हातानं लावा-बंद करा, गोल टायमरच असेल तर निदान दर रविवारी वेळ मिळवा.

एक अपवाद सांगून ठेवतो. एंजलनं अंडी घातली की अनेक जण रात्री मिणमिणता दिवा ठेवतात, आई-बापांना अंडी दिसत राहावीत म्हणून, ते तीन-चार दिवसांपुरतं ठीक आहे. पिल्लं पोहायला लागली की हळूहळू बंद करा, महिनाभर चालू ठेवू नका.

आणि सगळ्याचं खापर रात्रीवर फोडू नका हे पण तितकंच महत्त्वाचं. पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत असतील तर तो ऑक्सिजनचा प्रश्न आहे, रात्री झाडं पण ऑक्सिजन घेतात, एअर पंप रात्रभर चालू पाहिजे, अंधारासाठी लाइट बंद करताना तो चुकून बंद होत नाही ना ते बघा. अमोनिया, नायट्राइट ० च्या वर असेल तर आधी पाणी. पांढरे ठिपके आले असतील तर त्याचं औषध करायलाच पाहिजे, आणि ते पूर्ण दिवस करायचं कारण अंगावरच्या ठिपक्याला औषध लागत नाही, तो गळून पडल्यावर पाण्यात जी पिल्लं सुटतात त्यांनाच लागतं. अंधारानं ठिपके बरे होत नाहीत. फक्त असाय की रोजचा पाच डिग्रीचा झोका थांबला नाही तर ठिपके परत परत येत राहतात, आमच्याकडं तीन वर्षं तेच झालं.

एकानं मला विचारलं की मग मेडिकलमधली मेलाटोनिनची गोळीच पाण्यात टाकली तर? नाही, अजिबात नाही. गोळीत मेलाटोनिन सोडून बाकीचं भुकटी-बांधणीचं सामान असतं ते पाणी खराब करणार, डोस किती गेला काही कळणार नाही, आणि दिवसा पण पाण्यात राहिलं तर माशाला दिवस-रात्रीचा निरोपच चुकीचा जाणार. जे त्याच्या डोक्यात फुकट तयार होतंय ते होऊ द्या.

हीटरबद्दल दोन गोष्टी. लिटरला साधारण एक वॅट धरून चला, आमच्या टँकला १०० वॅटचा आहे. पाणी बदलताना हीटर बंद करून दहा मिनिटं थांबा मगच पाणी उपसा, गरम काच उघडी पडून गार पाणी लागलं की तडकते, आणि मग प्रश्न माशांचा राहत नाही, तुमच्या जिवाचा होतो.

यंदाच्या दिवाळीत आकाशकंदील लावला, पण मागच्या गॅलरीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या उजेडानं खिडकी लखलखत होती म्हणून अकरा वाजता आईनंच उठून टँकवर दोन्ही बाजूंनी चादर टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पाणी २५.८. सातला चादर काढली तर पाचही एंजल समोरच्या काचेला, खाण्याच्या वेळेची वाट बघत. आता थंडी वाढेल तशी रोजची दोन्ही आकडेवारी मी टँकच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहितोय. तुमच्याकडं पहाटेचा आकडा किती येतो आणि पेपरचा मथळा वाचता येतो का एवढं सांगितलंत तर कुठं अडलंय ते शोधायला मला मदत करता येईल, टँकचे लिटर आणि मासा कुठला ते पण लिहा.